माळ्यावरची हाळी

मामीच्या गळ्यातली गाठ काढली तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी तिला दीड महिना ओरडायला बंदी केली. मामी गळ्याला पट्टी बांधून बसली होती. तिने कुजबुजत विचारलं, "मंग पाखरं कोन हाकलनार? तुमी?"

डॉक्टर हसले. खोलीत बाकी कुणी हसलं नाही.

मामीचं गाव शेवगावच्या पलीकडे, कोरडवाहू पट्ट्यात. तिथे मामा-मामीची दोन एकर मालदांडी ज्वारी उभी होती आणि तिला कणसं आली होती. ही ज्वारी विकायची नसते, वर्षभराची भाकरी असते. दाणा दुधावर येतो, ज्याला मामी 'चिकात आली' म्हणते, तिथपासून तो कडक होईपर्यंतचा महिना-दीड महिना कुणीतरी रानात माळ्यावर बसून पाखरं राखावी लागतात. दरवर्षी ते काम मामीच करायची, कारण तिच्यासारखा आवाज त्या शिवारात कुणाचा नव्हता. मामा कारखान्याच्या सीझनला उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर कामाला जातो, अंधारात निघतो. मजुरीने कुणी मिळावं तर अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहत होते.

माझं शिक्षण संपून वर्ष झालं होतं. मी नोकरीचे अर्ज भरत होते, म्हणजे सकाळी एखादा अर्ज भरायचे आणि उरलेला दिवस फोनमध्ये जायचा. मी कुणाचा फोन उचलत नसे. वाजून वाजून थांबला की मग लिहून विचारायचे, काय झालं? मामीला टाइप करता येत नाही, म्हणून ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. "अगं ए! उचल की गं! तोंड शिवलंय का तुजं?" दर रविवारी फोन मला सांगायचा की मी रोज किती तास त्याच्याकडे पाहिलं. तो आकडा मी कुणाला सांगितला नाही, इथेही सांगणार नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथल्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी माझ्याबद्दल एकच शेरा असायचा, मुलगी शांत आहे. घरचे त्याला कौतुक समजत.

तर ज्या बाईला ओरडायचं होतं तिला बंदी झाली, आणि तिच्या जागी मला पाठवलं.

मामीच्या रानातला माळा म्हणजे चार बाभळीचे खांब, वर फळ्या आणि चढायला शिडी. फळ्यांवर पोतं अंथरलेलं, शेजारी तेलाचा रिकामा डबा, एक काठी आणि गोफण. गोफण मला जमणार नाही हे मामीने पहिल्याच दिवशी ओळखलं. माझा पहिला दगड आमच्याच शिडीला लागला.

"दगूड ऱ्हाऊ दे," ती कुजबुजली. "हाळी शिक."

हाळी म्हणजे लांबवर जाणारी हाक. भोरड्या, म्हणजे ज्वारीवर थव्याने पडणारी गुलाबी-काळी पाखरं, ओढ्याच्या बाजूने येतात. तिकडे पहिलं रान एका म्हाताऱ्या बाबांचं. थवा दिसला की बाबा आपल्या माळ्यावरून हाळी देतात, "आल्या ओ आल्या!" ती ऐकून मधल्या रानाने, म्हणजे आम्ही, ओरडायचं. आमची ऐकून पलीकडच्या काकूंनी. काकूंची ऐकून त्यांच्या पलीकडच्याने.

"बसल्यावर न्हाई उठत त्या," मामी म्हणाली. "बसायच्या आत आवाज गेला पायजे. एकानं गप बसलं की पुढचे समदे झोपलेले."

"मग त्या जातात कुठे?"

"बरडावर. किडं खात्यात. त्यांला किडंबी गोड लागत्यात."

बरड म्हणजे शिवाराच्या टोकाचा मुरमाड माळ. इतक्या माणसांनी मिळून एका थव्याला आवाजाने तिथे नेऊन सोडायचं. हे मला तेव्हा कळलं, पण त्यात माझा काही संबंध आहे असं वाटलं नाही.

पहिले चार दिवस मी डबा वाजवला. बाबांची हाळी आली की मी काठीने डबा बडवायचे आणि तो आवाज ऐकून काकू पुढे ओरडायच्या. बाबा बांधावर येऊन म्हणाले, "भाचे, तुज्या मामीचं तोंड डब्याला लावलंस व्हय?" मी त्या गावची भाची. तिथे भाचीला पाहुणी म्हणून मान असतो. मामाला येता-जाता लोक ऐकवायचे, भाचीला माळ्यावर चढवलंस, पाप कुठं फेडशील? मामा म्हणायचा, "मी कुठं चढवली? डाक्टरनं चढवली."

पाचव्या दिवशी डबा वाजवून हात दुखायला लागले आणि मला एक युक्ती सुचली. मी घरून एक छोटा स्पीकर आणला होता. मामीचे जुने आवाज फोनमध्ये होतेच. त्यातला सगळ्यात मोठा मी निवडला, पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावला आणि स्पीकर माळ्याच्या खांबाला बांधला.

"अगं ए! उचल की गं! तोंड शिवलंय का तुजं?"

चिमण्या, राघू, भोरड्या सगळे भुर्रकन उडाले. मामी रानाच्या कडेच्या घराच्या दारात उभी होती. स्वतःचा आवाज रानातून येताना ऐकून तिने गळ्यावरच्या पट्टीला हात लावला.

दोन दिवस सगळं छान चाललं. मामी ओरडत होती आणि मी कानात इअरफोन घालून दुसरं काहीतरी ऐकत बसले होते. मला अभिमान वाटत होता. कुणाला तरी सांगावं म्हणून मी स्पीकरचा फोटोही टाकला.

तिसऱ्या सकाळी कधीतरी मी मान वर केली तर ओढ्यावरचं आकाश हलत होतं.

मी त्याआधी भोरड्या पाच-पन्नास पाहिल्या होत्या. हे वेगळं होतं. एखादी चादर झटकावी तसा थवा झटकला जात होता. वळला की काळा, उन्हाकडे फिरला की गुलाबी. मी उभी राहिले आणि साहजिकच फोन वर धरला. मला आठवतं, मी चौकट सरळ करत होते. चादर खाली आली. सगळी ज्वारी एकदम वाकली. प्रत्येक कणसावर एक गुलाबी पाठ आणि काळं डोकं. कानात माझं गाणं चालू होतं आणि स्क्रीनवर ते इतकं सुंदर दिसत होतं की ती आमची ज्वारी आहे हे मला काही क्षण उमगलंच नाही.

मग स्क्रीनच्या कोपऱ्यात बाबा दिसले. हातात काठी, डोक्यावरची टोपी पडलेली, ज्वारीतून वाट काढत धावत येत होते. त्यांचं तोंड हलत होतं. मी इअरफोन काढले.

"भाचे! ए भाचे!"

थवा उठला आणि काकूंच्या रानावर जाऊन पडला. स्पीकर वाजतच होता. उचल की गं, उचल की गं. त्याच्यावर एक भोरडी बसली होती, ती तेवढी उठली नाही.

बाबा शिडीला धरून दम घेत राहिले. "तीनदा हाळी घातली," ते म्हणाले. "डबा न्हाई, काय न्हाई. मला वाटलं पोरगी पडली का काय माळ्यावरनं."

मी हातातला फोन मागे लपवला. त्यांनी तो पाहिला होता.

"बरं झालं," ते म्हणाले. "पडली न्हाईस."

ते परत निघाले तेव्हा मागून आलेला दुसरा थवा त्यांच्या रिकाम्या माळ्याखाली उतरत होता.

त्या सकाळी तीन रानं खाल्ली गेली. एका रानात कुणी ओरडलं नाही, एका रानाला कुणी सांगितलं नाही आणि एका रानाचा राखणदार मला पाहायला धावला. बाबा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी रागावले नाहीत.

संध्याकाळी मामी मला रानात घेऊन गेली. तिने बाभळीजवळच्या कोपऱ्यातलं एक कणीस माझ्या तळहातावर चोळलं. नुसती टरफलं पडली.

"सगळं गेलं?" मी विचारलं.

"ह्यो कोपरा गेला. बाकीचं हाय अजून." ती माझ्याकडे पाहत होती. "त्या खांबावरच्या डब्यात माजाच आवाज हुता ना गं?"

"हो."

"पाखरांनी दोन दिस तरी ऐकला. तू कवा ऐकलास?"

ती कुजबुजत होती म्हणून ते जास्त लागलं.

घरात मामीची पत्र्याची धान्याची कोठी आहे, माझ्या खांद्यापर्यंत उंच. गेल्या वर्षीची ज्वारी तिच्या तळाशी दोन वीत उरली होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी झाकण उघडून फोन आत सोडला. मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला एकदा काढायचा, आईशी बोलायचं, परत टाकायचा, असं मी ठरवलं. जवळपास रिकाम्या कोठीत तो थरथरला की सगळ्या घराला ऐकू यायचं. मामा जेवता जेवता म्हणायचा, "कोठीत उंदीर झालाय इंग्लिश मिडियमचा."

पहिली सकाळ फार लांब होती. हात सारखा खिशाकडे जायचा. मला वाटलं तासभर झाला, म्हणून खाली आले, तर मामीची भाकरी अजून तव्यावरच होती.

"काय गं?"

"काही नाही. वेळ पाहायला आले."

"येळ तिकडंच हाय, वर."

आणि ओरडायचं होतं. बाबांची हाळी आली, मी तोंड उघडलं आणि खोकला आला. दुसऱ्यांदा आवाज निघाला, पण तो वर्गात हजेरी देतानाचा होता. मामी माळ्याखाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पाखरांला प्लीज म्हनतीस व्हय?"

"मामी, मला नाही जमत."

"पोटातनं काढ. गळ्यातनं काढशील तर माज्यावानी टाके पडतेल."

मग तिने स्वतः डबा घेतला आणि माझ्याऐवजी बडवला. तसे तीन दिवस गेले. मी ओरडायचे आणि मामी डब्याने माझा आवाज पुरा करायची.

त्या तीन दिवसांत आणि पुढेही माळ्यावर मी काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगायला थोडंच आहे. मी पाहिलं. ज्वारीच्या पानांवरचं दव खालच्या पानावर पडतं तेव्हा आवाज होतो, आणि दोन एकरांत मिळून तो आवाज लहान नसतो. दाणा नखाने दाबला की दूध येतं. चार दिवसांनी दाबलं तर ते दाट असतं. मग एके दिवशी येतच नाही, नख उमटतं फक्त. असं प्रत्येक कणसात, वरून खाली, ओळीने चाललेलं होतं. इतकं मोठं काम माझ्या चारी बाजूंनी चाललं होतं आणि त्याचा काही गाजावाजा नव्हता. मला भीती वाटावी इतकं ते मोठं वाटलं. शाळेत आम्ही धान्यांची नावं इंग्रजीत पाठ केली होती. ज्वारी मी बावीस वर्षं खात आले होते आणि ती मला आता भेटत होती.

चौथ्या सकाळी बाबांच्या हाळीआधी मला काहीतरी ऐकू आलं. लांबवर कुणी पोत्यातून ज्वारी ओतत असावं तसा बारीक, सलग आवाज. ओढ्याकडून नव्हता. मागून, बरडाकडून येत होता. मी वळले. आकाशात अजून काही नव्हतं. मामी खाली शेळीला पाला टाकत होती, तिने मान वर केली नाही. काकूंच्या माळ्यावर कुणी दिसत नव्हतं. मग बरडाच्या कडेवर एक काळी रेघ आली आणि मला कळलं की आज त्या उलट्या बाजूने येत आहेत आणि हे या शिवारात मला एकटीला माहीत आहे.

मला ठरवायला वेळ नव्हता.

"आल्या ओ आल्या!"

ते माझ्या आत कुठे होतं मला माहीत नाही. गुडघ्यांतून आलं असावं. माळ्याच्या फळ्या थरथरल्या. मामीच्या हातातला पाला पडला. काकू त्यांच्या ज्वारीतून उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाळी उचलली, आणि इकडे बाबांनी उचलली, आणि बाबांच्या पलीकडे ओढ्यापार ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं अशा कुणी उचलली, आणि त्यांच्याही पुढे. मी ओरडायचं थांबवलं होतं आणि तरी ते चाललं होतं, पातळ होत होत. थवा माझ्या डोक्यावरून गेला. त्याची सावली ज्वारीवरून आणि माझ्या हातांवरून गेली, पंखांचा वारा लागला. तो अख्खाच्या अख्खा वाकडा झाला, एकदा काळा, एकदा गुलाबी, आणि बसायला जागा न मिळता आला तसा बरडाकडे वळला. माझ्या आवाजाने. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या, पण सुरुवात माझी होती.

मी खाली बसले. रडू येत होतं की हसू, मला सांगता आलं नसतं.

बाबा दुपारी बांधावर आले. "आज भाचीनं मला उठवलं," त्यांनी मामीला सांगितलं. "माज्या आधी कळलं तिला. कान लई तिखट हायेत पोरीचे."

"गप असतीया ना," मामी कुजबुजली. "ऐकत असतीया."

शाळेच्या शेऱ्याचा हा अर्थ मला तोपर्यंत कुणी सांगितला नव्हता. मी शांत होते हे खरं. पण गेली काही वर्षं त्या शांततेत मी फोन ओतत होते, म्हणून तिच्यात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला तारखांनी आठवत नाहीत, दाण्यांनी आठवतात. दाणा मऊ असताना बाबांनी बांधावर आगटी पेटवून हुरडा भाजला आणि पहिली मूठ भाचीला म्हणून मला दिली. पाखरांनी खाल्लेल्या त्यांच्याच रानातली ती होती. मला ती गिळवेना. ते म्हणाले, "खा. पाखरांनी खाल्ली, तू काय पाप केलंस?" दाणा मोत्यासारखा झाला तेव्हा मामीची पट्टी निघाली. कोठीतला फोन दिवेलागणीला काढायचा मी दोनदा विसरले. तिसऱ्यांदा आईनेच मामाला फोन करून विचारलं, पोरगी बरी आहे ना? मामा म्हणाला, "बरी हाय, पन गाव भैरं केलंय तिनं."

संक्रांत झाल्यावर ज्वारी उपटली. बाभळीजवळचा कोपरा मामीने वेगळा बांधला, गुरांना. तिथल्या पेंढ्या हातात हलक्या लागायच्या. मळणी झाली आणि कोठीत धान्य पडू लागलं, तेव्हा मी फोन काढून फडताळात ठेवला. कोठी काठाला एक वीत कमी भरली. मामीने झाकण लावण्याआधी त्या रिकाम्या जागेत हात घालून पाहिला. ती वीत माझी होती. मला ती अजून दिसते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि मामी मोकळ्या रानात उभ्या होतो. माळा अजून उतरवला नव्हता. बाबांचंही रान निघालं होतं, ते देवळाकडे गेले होते. फक्त काकूंची ज्वारी मागास, उशिरा पेरलेली, अजून उभी होती.

पोत्यातून धान्य ओतल्याचा आवाज आला. ओढ्यावर थवा उठला. आमच्या रानात त्यांना खाण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मला हाकलण्यासारखं काही नव्हतं. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे नुसती पाहू शकत होते. फोन घरात होता. त्या चादरीत इतक्या भोरड्या होत्या आणि एकही दुसरीला धडकत नव्हती. शेजारची कुठे वळते ते प्रत्येकीला कसं कळत असेल?

शेजारी मामीने तोंड उघडलं. डॉक्टरांनी तिला आता परवानगी दिली होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मी पोटातून श्वास घेतला.

"आल्या ओ आल्या!"

काकूंच्या रानातून लगेच उत्तर आलं.